नायसेरिया : दोन रोगजंतू व त्यांची नावे

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याच्या श्रीगोंदे तालुक्यातील काष्टी हे गाव दर शनिवारी भरणाऱ्या जनावरांच्या बाजाराबद्दल प्रसिद्ध आहे. जेथे गुरे तेथे गुरांच्या रोगांची बोलणीही ओघानेच येतात. पावसाळ्यापूर्वी ज्या रोगाची लस गुरांना टोचून घ्यावयाची, त्याचे नाव शेतकऱ्यांच्या बोलण्यात घटसर्प असे आहे. हाच शब्द माणसांच्या वैद्यकातही रूढ आहे. लहान मुलांच्या घशात पडदा धरून श्वास कोंडणाऱ्या रोगालाही मराठीत घटसर्पच म्हणतात. या दोन रोगांचा परस्परांशी काहीएक संबंध नाही. गुरांचा घटसर्प पाश्चुरेला मल्टोसिडा या जंतूमुळे होतो, तर मुलांचा घटसर्प कॉरिनेबॅक्टेरियम डिफ्थेरिए या अगदी निराळ्या जंतूमुळे. दोन्हींत गळा सुजतो आणि घरघर लागते. लोकभाषेने त्या दृश्यावरून नाव दिले, आणि नाव देताना दृश्याखेरीज दुसरे काही तिच्या हाती नव्हतेही.

नायसेरिया या जंतुप्रजातीची कथा याच्या नेमकी उलट आहे. येथे जंतू सख्ख्या भावंडांसारखे, आणि रोग मात्र असे की कोणत्याही भाषेने त्यांना एका नावाखाली आणले नसते. या प्रजातीच्या बहुतेक जाती माणसाच्या नाकाघशात निरुपद्रवीपणे राहतात. माणसाला खऱ्या अर्थाने रोगी करणाऱ्या जाती दोनच. गोनोकोकस जननेंद्रियांना जडतो आणि परमा उत्पन्न करतो. मेनिंगोकोकस घशात राहतो आणि क्वचित रक्तात शिरून मेंदूच्या आवरणांना दाह आणतो. पहिल्या रोगाविषयी लोक बोलत नाहीत. दुसऱ्याविषयी बोलण्यास पुष्कळदा सवडच मिळत नाही. एवढ्या दूरच्या दोन रोगांचे कर्ते एकाच कुळातील आहेत, हे सूक्ष्मदर्शकावाचून कळणे शक्य नव्हते.

परमा हा शब्द संस्कृतातील प्रमेहापासून आलेला आहे. आयुर्वेदात प्रमेह हे एका रोगाचे नाव नसून मूत्राच्या वीस विकारांचा तो वर्ग आहे, आणि मधुमेह त्यांपैकीच एक. संस्कृतात व्यापक असलेला हा शब्द मराठीत उतरताना आकुंचन पावला आणि संसर्गाने जडणाऱ्या पूयुक्त स्रावाचे नाव होऊन बसला. युरोपातही नावाने अशीच दिशाभूल केली. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गेलेनने या रोगास ग्रीक भाषेत जे नाव दिले त्याचा अर्थ ‘बीजाचा स्राव’ असा होतो. वाहते ते बीज नव्हे, पू होय. परंतु गोनोऱ्हिया हे नाव त्यानंतर अठरा शतके टिकले आणि जंतूच्या नावातही तेच शिरले.

नावाची गफलत काही वेळा नुसती शाब्दिक राहत नाही. परमा आणि गरमी, म्हणजे सिफिलिस, हे एकाच विषाचे दोन आविष्कार आहेत असे मत युरोपात दीर्घकाळ प्रचलित होते. १७६७ साली लंडनच्या जॉन हंटरने परम्याचा पू टोचून पाहण्याचा प्रयोग केला. त्या जागी सिफिलिसची लक्षणे उमटली, आणि दोन्ही रोग एकच असल्याचे सिद्ध झाले असे त्याने मानले. ज्या रोग्याचा पू घेतला त्याला दोन्ही रोग असावेत, हा त्याचा सरळ उलगडा आहे. हंटरचा अधिकार एवढा मोठा होता की ही समजूत दूर होण्यास फिलिप रिकोर्डच्या १८३८ सालच्या ग्रंथापर्यंत वाट पाहावी लागली. मराठी बोलण्यात आजही ‘गरमी-परमा’ अशी जोडी एका दमात उच्चारली जाते. तो जोडशब्द ऐकून औषधयोजना करणाऱ्यांची परंपरा आपल्याकडेही लहान नाही.

१८७९ साली ब्रेस्लाऊ येथे आल्बर्ट नायसर या चोवीस वर्षांच्या डॉक्टरने परम्याच्या पुवात जोडीजोडीने असणारे गोल जंतू पाहिले, आणि नवजात अर्भकांच्या डोळ्यांच्या पुवातही तेच जंतू त्याला दिसले. आठ वर्षांनी, १८८७ साली, व्हिएन्नाच्या आंटोन वाइक्सेलबाउमने मेंदूच्या आवरणदाहाने दगावलेल्या रोग्यांच्या द्रवात तसेच जोडजंतू शोधून काढले. प्रजातीस नायसरचे नाव ट्रेव्हिसानने १८८५ साली दिले होते. त्यात मेनिंगोकोकस पुढे दाखल झाला.

या जंतूंचे रूप एकदा पाहिले की विसरत नाही. घेवड्याचे दोन दाणे सपाट बाजू समोरासमोर करून ठेवावेत, तशी ही जोडी दिसते. प्रत्येक दाणा सुमारे पाऊण मायक्रॉनाचा, म्हणजे एका मिलिमीटरच्या अंतरात हजाराहून अधिक दाणे ओळीने मावतील. ग्रॅमच्या रंजनपद्धतीत ते जांभळा रंग सोडून देतात आणि नंतरचा तांबडा रंग घेतात, म्हणून त्यांना ग्रॅम-ऋण म्हणतात. पुवातील पांढऱ्या पेशींच्या पोटात ते गच्च भरलेले आढळतात. गिळणाऱ्याच्या पोटात राहूनही त्यांतील काही जिवंत असतात, ही त्यांच्या स्वभावाची पहिली खूण. पुरुषाच्या मूत्रमार्गातील पुवात असे दृश्य दिसले तर निदान जवळजवळ निश्चित होते. स्त्रीच्या बाबतीत एवढा भरवसा ठेवता येत नाही. कारण योनिमार्गात व गर्भाशयाच्या मुखाशी त्यांच्यासारखे दिसणारे दुसरे जंतूही असतात.

दोघांना वेगळे ओळखण्याची जुनी कसोटी साखरेची आहे. गोनोकोकस ग्लुकोज तेवढा फोडतो. मेनिंगोकोकस ग्लुकोज व माल्टोज दोन्ही फोडतो. आणि मुलांच्या घशात राहणारा निरुपद्रवी भाऊबंद नायसेरिया लॅक्टॅमिका दुधातील शर्कराही फोडतो. त्यांना वाढविण्यास लागणाऱ्या खाद्याचे नाव ‘चॉकलेट अगार’. त्यात चॉकलेट नसते. रक्त तापवल्याने आलेला तो तपकिरी रंग होय. १९६४ साली थेयर व मार्टिन यांनी या खाद्यात इतर जंतूंना मारणारी औषधे घालून केवळ ही दोन भावंडे वाढतील अशी सोय केली. शिवाय त्यांना हवेत कर्बद्विप्राणिल वायूचे प्रमाण थोडे अधिक लागते. साध्या प्रयोगशाळेत बंद बरणीत मेणबत्ती पेटवून ठेवून ते साधले जाते.

रोगकर्ते म्हणून एवढे उग्र असलेले हे जंतू शरीराबाहेर अतिशय नाजूक आहेत. वाळले की मरतात, थंडी लागली की मरतात. प्रयोगशाळेकडे पाठवावयाचे बहुतेक नमुने बर्फात ठेवण्याचा प्रघात असतो. मेंदूच्या आवरणदाहाचा संशय असलेल्या रोग्याच्या पाठीच्या कण्यातून काढलेले पाणी मात्र जंतू वाढविण्यासाठी पाठवावयाचे असेल तर शीतपेटीत ठेवू नये. काष्टीसारख्या गावाहून असा नमुना मोठ्या शहरी पोचण्यास काही तास सहज लागतात. तेवढ्यात काळजीपूर्वक बर्फात ठेवलेला नमुना निर्जीव होतो, आणि ‘जंतू आढळले नाहीत’ असा अहवाल येतो. अहवालाचे हे शब्द खरे असतात. त्यांवरून निघणारा निष्कर्ष तेवढा खोटा असतो.

आता बाजारातील जनावरांकडे पुन्हा वळणे इष्ट आहे. कारण या दोन्ही जंतूंचे एक वैशिष्ट्य त्यांच्याशी ताडून पाहिल्यावाचून ध्यानात येत नाही. फाशी, ब्रुसेला, पिसाळणे हे रोग गुराढोरांकडून माणसाकडे येतात. नायसेरियाचे हे दोन जंतू निसर्गतः केवळ माणसाचे आहेत. गाय, बैल, शेळी यांपैकी कोणीही त्यांना थारा देत नाही. याचे एक मोठे कारण लोह होय. जंतूला वाढण्यासाठी लोह हवे असते, आणि शरीर आपले लोह ट्रान्सफेरिन नावाच्या प्रथिनात जखडून ठेवते. गोनोकोकस व मेनिंगोकोकस यांच्या पृष्ठभागावर हे लोह ओढून घेणारी जी प्रथिने आहेत, ती माणसाच्या ट्रान्सफेरिनालाच घट्ट धरतात. बैलाच्या ट्रान्सफेरिनाला ती ओळखत नाहीत. म्हणून प्रयोगशाळेत उंदरात हा रोग जगवावयाचा झाल्यास उंदराला मानवी ट्रान्सफेरिन द्यावे लागते. गुरांच्या डोळ्यांना साथीने जडणारा मोराक्सेला बोव्हिस हा जंतू एके काळी नायसेरियाच्याच कुटुंबात गणला जात असे. १९९१ साली त्याच्या प्रजातीचे बिऱ्हाड वेगळे झाले. माणसाच्या घशातील कटारॅलिस या जंतूने तर अधिकच घरे बदलली: आधी मायक्रोकोकस, मग नायसेरिया, १९७० पासून ब्रानहामेला, आणि अखेर मोराक्सेला. बाह्यरूपावरून नाव देण्याची चूक लोकभाषेपुरती मर्यादित नाही, हे यावरून दिसावे.

ज्या जंतूला माणसावाचून दुसरा आसरा नाही, त्याला माणसाच्या प्रतिकारशक्तीशी कायमचे जुळवून घ्यावे लागते. गोनोकोकसने त्यासाठी जो उपाय योजला आहे तो भाषाभ्यासकास विशेष लक्षणीय वाटेल. त्याच्या अंगावर पिलाय नावाचे सूक्ष्म तंतू असतात. त्यांनी तो पेशींना चिकटतो. या तंतूचे प्रथिन घडविणारे एक बोलके जनुक असते, आणि त्याच्या जोडीला अनेक मूक तुकडे साठवलेले असतात. मूक तुकड्यातील मजकूर वेळोवेळी बोलक्या जनुकात उतरवला जातो, आणि तंतूचे रूप पालटते. शरीराने एका रूपाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करावीत, तोवर जंतू दुसरे रूप घेऊन बसलेला असतो. दुसरी युक्ती याहून सोपी आहे. ओपा नावाच्या प्रथिनांच्या जनुकांत पाच अक्षरांचा एकच गट पुनःपुन्हा येतो. नक्कल करताना त्यांतील एखादा गट अधिक पडला किंवा गळला, की पुढील सर्व अक्षरांची तीन-तीनची मांडणी सरकते. लेखनिकाकडून पोथीत अक्षर गळावे आणि पुढचा पदच्छेद चुकत जावा, तसा येथे मजकूर निरर्थक होतो आणि प्रथिन बनणे थांबते. पुन्हा तशीच चूक झाली की ते सुरू होते. ही उपमा फार ताणू नये. पोथीतील चुकीचा लाभ कोणालाच होत नाही, येथे तो जंतूला होतो. परिणाम एवढाच की परमा एकदा होऊन गेला म्हणून पुढे संरक्षण मिळत नाही. तोच रोग त्याच माणसाला अनेकदा होऊ शकतो.

पुरुषास संसर्गानंतर बहुधा दोन ते सात दिवसांत जळजळ व पू ही लक्षणे दिसतात, आणि तो कोठे ना कोठे औषधासाठी जातो. स्त्रीची स्थिती याहून फार निराळी आहे. संसर्ग झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे निम्म्या किंवा त्याहूनही अधिक जणींना काही जाणवतच नाही. जंतू गर्भाशयातून बीजवाहिन्यांपर्यंत चढतो, तेथे सूज येते, आणि ती ओसरल्यावर वाहिन्या व्रणाने चिकटून बंद होतात. काही वर्षे मूल न झाल्यावर त्या स्त्रीच्या वाट्याला जो शब्द येतो तो ‘वांझ’. या शब्दाला पुल्लिंगी रूप नाही. जंतू पतीने आणला, औषध पतीने घेतले, रोगाचे नाव पतीकडे गेले, आणि पत्नीकडे मात्र रोगाचे नाव नसलेला, केवळ दोषाचा शब्द उरला. ग्रामीण कुटुंबात दुसरे लग्न या शब्दाच्या आधारावर होत आले आहे. वैद्यकीय दृष्ट्या यातील बराचसा भाग टाळता येण्याजोगा होता, एवढे तरी स्पष्ट म्हटले पाहिजे: पतीवर उपचार होत असताना पत्नीवरही, तिला लक्षणे असोत वा नसोत, उपचार झाले तर वाहिन्या वाचतात.

अर्भकाच्या डोळ्यांची गोष्ट याच माळेतील आहे. मातेस न जाणवणारा जंतू प्रसूतीच्या वेळी बाळाच्या डोळ्यांत जातो, आणि काही दिवसांत बुबुळ फुटून कायमचे आंधळेपण येऊ शकते. लाइप्झिगच्या कार्ल क्रेडेने १८८० च्या सुमारास जन्मतःच डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटच्या सौम्य द्रावणाचा एक थेंब घालण्यास सुरुवात केली. त्याच्या प्रसूतिगृहात दर शंभर बाळांत सुमारे दहा असलेला हा रोग त्यामुळे जवळजवळ नाहीसा झाला. जंतुशास्त्राच्या इतिहासात इतक्या स्वस्त उपायाने इतके डोळे वाचवल्याचे दुसरे उदाहरण सापडणे कठीण.

औषधांचा इतिहास मात्र उत्साहवर्धक नाही. १९३० नंतरच्या दशकात आलेली सल्फा औषधे थोड्याच वर्षांत गोनोकोकसपुढे निरुपयोगी झाली. १९४३ पासून पेनिसिलिन लागू पडू लागले. १९७६ साली पेनिसिलिन फोडून टाकणारे गोनोकोकस आढळले. सिप्रोफ्लॉक्सासिनचे तेच झाले, आणि २००९ साली जपानमधील क्योटो येथे सेफ्ट्रायाक्झोनलाही दाद न देणारा गोनोकोकस सापडला. आपल्या देशात राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने लक्षणांवरून उपचार करण्याची पद्धत अवलंबिली आहे. त्यातील राखाडी रंगाच्या संचात सेफिक्झिम व अझिथ्रोमायसिन ही औषधे एकत्र असतात, आणि सरकारी रुग्णालयांतील सुरक्षा क्लिनिकांत ती मिळतात. प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणी ही पद्धत उपयुक्त आहे यात शंका नाही. परंतु लक्षण हाच तिचा आधार असल्यामुळे, जिला लक्षणच नाही ती स्त्री या जाळ्यातून निसटते. शिवाय कोणते औषध लागू पडत नाही हे जंतू वाढवून पाहिल्यावाचून कळत नाही.

मेनिंगोकोकसकडे वळताना शब्दांचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. मान ताठणे हे या रोगाचे प्रमुख लक्षण, म्हणून ‘मानमोडी’ हा शब्द त्याचा असावा असे वाटते. तथापि महाराष्ट्रात मानमोडी म्हणून जी साथ लोकांच्या स्मरणात राहिली ती १९१८ सालची इन्फ्लुएंझाची. आज वृत्तपत्रांतून येणारा शब्द ‘मेंदूज्वर’ हा आहे, आणि तो अधिक घातक गोंधळाचा आहे. डासांमुळे होणारा जपानी मेंदूदाह, क्षयजंतूंचा आवरणदाह, आणि मेनिंगोकोकसचा आवरणदाह या तिन्हींना तो सरसकट लावला जातो. यांपैकी मेनिंगोकोकसच्या बाबतीतच रोग्याच्या घरातील निकटच्या सर्व माणसांना प्रतिबंधक औषध ताबडतोब द्यावे लागते. ‘मेंदूज्वराने गेला’ एवढेच ऐकून परतलेल्या कुटुंबास आपल्याला औषध घ्यावयाचे होते की नाही, हे त्या शब्दावरून कळण्यास मार्ग नाही.

हा जंतू दर दहा प्रौढांपैकी सुमारे एकाच्या घशात कोणताही त्रास न देता राहत असतो. एकत्र व दाटीने राहणाऱ्यांत, म्हणजे सैन्याच्या बराकी, वसतिगृहे, तुरुंग, यात्रा यांत, त्याचा प्रसार वाढतो. ऊसतोडीच्या हंगामात श्रीगोंद्याच्या परिसरात उभ्या राहणाऱ्या कोप्यांत एका छपराखाली जेवढी माणसे निजतात, ती पाहता अशा वसाहतींकडे आरोग्यखात्याचे लक्ष असणे अगत्याचे आहे. घशातील जंतू रक्तात का शिरतो याचे पूर्ण उत्तर नाही. पण शिरल्यावर तो का टिकतो हे कळले आहे. त्याच्याभोवती बहुशर्करेचे कवच असते, आणि ते त्याला पांढऱ्या पेशींपासून व रक्तातील मारक प्रथिनांपासून वाचवते. गोनोकोकसला हे कवच नाही. म्हणूनच तो सहसा स्थानिक राहतो. रक्तातील मेनिंगोकोकस आपल्या बाह्यत्वचेचे विषारी फुगे सोडत राहतो, सूक्ष्म रक्तवाहिन्या फुटतात, आणि त्वचेवर जांभळे-तांबडे ठिपके उमटतात. काचेचा पेला त्यांवर दाबला तरी हे ठिपके फिके होत नाहीत. सावळ्या कातडीवर ते चटकन दिसत नाहीत, म्हणून तळहात, तळपाय व पापणीची आतली बाजू पाहावी लागते. सकाळी तापाने कणकणणारा मुलगा रात्रीपर्यंत दगावू शकतो. उपचाराविना निम्मे किंवा अधिक रोगी मरतात. वेळीच प्रतिजैविक मिळाल्यास हे प्रमाण दहा-पंधरा टक्क्यांवर येते. वाचलेल्यांपैकी काहींना बहिरेपण येते.

भारतात दिल्लीने १९६६, १९८५ आणि २००५ साली याच्या साथी अनुभवल्या. २००८-०९ मध्ये मेघालय व त्रिपुरा यांना त्याचा तडाखा बसला. परंतु या रोगाचे खरे माहेरघर म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेस सेनेगलपासून इथिओपियापर्यंत पसरलेला पट्टा. फ्रेंच लष्करी डॉक्टर लापेसोनी याने १९६३ साली त्याला ‘आवरणदाहाचा पट्टा’ म्हटले. १९९६-९७ च्या साथीत तेथे २,५०,००० हून अधिक माणसे आजारी पडली आणि सुमारे २५,००० मेली.

या पट्ट्याची कथा महाराष्ट्राशी जोडली गेली ती पुण्यामुळे. काष्टीहून दौंडमार्गे पुण्यास जाणारी गाडी मांजरी व हडपसर या स्थानकांवरून जाते. त्याच परिसरात सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया ही संस्था आहे. तिचा उगम घोड्यांत आहे, हा योगायोग नोंदण्याजोगा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मेनिंगोकोकसवर पहिला उपाय म्हणून न्यूयॉर्कच्या सायमन फ्लेक्सनरने वापरले ते घोड्याचे सीरम होते. पूनावाला कुटुंबाच्या अश्वपैदास केंद्रातील निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेस सीरमासाठी दिले जात, आणि त्यातूनच सायरस पूनावाला यांनी १९६६ साली ही संस्था काढली.

मेनिंगोकोकसच्या कवचाचे बारा प्रकार आहेत. ए, बी, सी, डब्ल्यू, एक्स व वाय हे त्यांतील सहा बहुतेक सर्व रोगाचे धनी. आफ्रिकेतील मोठ्या साथी ए प्रकाराच्या होत्या. नुसत्या कवचशर्करेची लस १९६९ नंतर निघाली, पण तान्ह्या मुलांत तिचा गुण फारसा येत नसे व टिकतही नसे. कारण नुसत्या शर्करेला प्रतिसाद देताना शरीर आठवण ठेवत नाही. शर्करा धनुर्वाताच्या प्रथिनाशी जोडली तर आठवण राहते, आणि घशातील वाहकताही घटते. अशी जोडलस धनाढ्य देशांत होती. तिची किंमत आफ्रिकेला झेपणारी नव्हती. जागतिक आरोग्य संघटना व पाथ या संस्थांनी २००१ साली हाती घेतलेल्या प्रकल्पात लस पन्नास सेंटांच्या आत पडली पाहिजे अशी अट प्रथम ठरली, आणि उत्पादक नंतर शोधला गेला. जोडणीचे तंत्र अमेरिकन सरकारच्या प्रयोगशाळेतून आले, उत्पादन पुण्यात झाले. मेनआफ्रिव्हॅक या नावाची ही लस ६ डिसेंबर २०१० रोजी बुर्किना फासोत प्रथम मोठ्या प्रमाणावर टोचण्यात आली. पुढील दहा-बारा वर्षांत ३५ कोटींच्या आसपास लोकांना ती मिळाली, आणि ए प्रकार त्या पट्ट्यातून जवळजवळ नाहीसा झाला.

रिकामी झालेली जागा सी, डब्ल्यू आणि एक्स यांनी काही प्रमाणात घेतली. त्यावर ए, सी, डब्ल्यू, वाय व एक्स अशा पाचही प्रकारांची लस पुण्यातच तयार झाली. जागतिक आरोग्य संघटनेने तिला जुलै २०२३ मध्ये मान्यता दिली, आणि २०२४ मध्ये नायजेरियाने ती प्रथम वापरात आणली. भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात मेनिंगोकोकसची लस नाही. हज यात्रेस जाणाऱ्यांस मात्र चार प्रकारांची लस घ्यावीच लागते.

सहावा प्रकार बी हा या यादीतून वगळला गेला, त्यास कारण आहे. त्याच्या कवचाची शर्करा माणसाच्या मज्जापेशींवरील शर्करेसारखीच असल्याने शरीर तिला परकी मानीत नाही. म्हणून बी प्रकारासाठी कवच सोडून बाह्यत्वचेवरील प्रथिनांची लस करावी लागली. ही प्रथिने दोन्ही भावंडांत बरीचशी समान आहेत. न्यूझीलंडमध्ये बी प्रकारावर अशी लस मोठ्या प्रमाणावर दिली गेली होती. ती घेतलेल्या तरुणांत परमा सुमारे एकतृतीयांशाने कमी आढळतो, असे २०१७ साली प्रसिद्ध झाले. इंग्लंडने ऑगस्ट २०२५ पासून अधिक धोका असलेल्या व्यक्तींना बी प्रकारावरील लस परम्याच्या प्रतिबंधासाठी देण्यास प्रारंभ केला आहे. हे संरक्षण अर्धवट आहे, आणि स्त्रियांच्या बीजवाहिन्या त्याने किती वाचतात हे अद्याप मोजले जावयाचे आहे.